सम कुठे दिसते?

आमची वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. तरी वाघेश्वराच्या देवळाकडे निघालेला माणूस ‘गावात जाऊन येतो’ असंच म्हणतो. या गावातला माझा एक विद्यार्थी संगणकावर गाणी तयार करतो. त्याने आपल्या आजोबांचा एक अभंग त्यात भरून घेतला. अभंग रूपकातला. पोराने पडद्यावरच्या उभ्या रेघा पाहून तो कापला, तुकडे जोडले आणि आजोबांना ऐकवला. आजोबा म्हणाले, “आवाज माझाच आहे रे, पण सम कुठं गेली?”

पोराची चूक म्हणावी, तर पडद्याने दाखवले तसेच त्याने केले होते. संगीताची बहुतेक सॉफ्टवेअरे उघडताच चार-चार मात्रांचे खण आखून देतात. रूपकाच्या मात्रा सात, तीन-दोन-दोन अशा. आणि तिथे समेलाच खाली असते. चारांच्या खणांत सात बसवायला गेले की दुसऱ्या आवर्तनापासून सम रेघ सोडून पडते. सातांचा खण मागता येतो, नाही असे नाही. पण ती सोय कुठे दडली आहे हे नवख्याला कोण सांगणार? आणि मागितला तरी टाळी कुठे, खाली कुठे, हे पडदा बोलत नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो बिनबोभाट बसतो. म्हणून ही अडचण पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

स्वरांचेही तसेच. पडद्याच्या डाव्या कडेला पियानोच्या पट्ट्या उभ्या रचलेल्या असतात आणि स्वर म्हणजे त्यांच्यासमोर काढलेली आडवी कांडी. आपोआप वाजणाऱ्या जुन्या पियानोंत भोके पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या घालीत, त्यांवरून ही रीत आली. १९८३ साली वाद्ययंत्रांनी एकमेकांशी बोलावे म्हणून ‘मिडी’ हा संकेत ठरला. त्यात प्रत्येक पट्टीला ० ते १२७ पैकी एक आकडा मिळाला. हिशेब सोपा झाला. पण दोन पट्ट्यांच्या मधून जाणारी मींड? ती बहुधा खाली निराळ्या जागी निराळी रेघ ओढून दाखवावी लागते. गळा जे एका श्वासात करतो ते हाताने दोन ठिकाणी करायचे!

हे दुखणे जुनेच आहे. पेटीवर मींड निघत नाही, अशा आक्षेपांपायी ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवले होते. मला ती बंदी कधी पटली नाही. आक्षेप मात्र खोटा नव्हता.

आता पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे एखादे पान उघडा. हे गृहस्थ शिक्षणाने वकील. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम, वर टिंब तार सप्तकाचे, खाली टिंब मंद्राचे, डोक्यावर कमान मींडेची. समेला फुली, खालीला शून्य. आवर्तने एकाखाली एक मांडलेली, त्यामुळे समेची फुली त्याच उभ्या ओळीत सापडते. शिवाय सा कुणाचा कुठल्याही पट्टीत असो, पानावर तो सा-च असतो.

पडदा असा का नसावा? सॉफ्टवेअरने उघडताच दोन प्रश्न विचारावेत: तुमचा सा कोणता आणि ताल कोणता. काळी दोनमध्ये गाणाऱ्याला मग इंग्रजी अक्षरांचे भाषांतर करीत बसावे लागणार नाही. एका ओळीत एक आवर्तन ठेवावे. मींडेची रेघ स्वरावरच ओढता यावी. कागदाला फक्त कमान काढता आली, संगणक तर आवाजाचे खरे वळण काढू शकतो. आणि ती गोल बटणे! धातूच्या बटणाला चिमटीत धरून फिरवता येते. त्याचे चित्र माउसने कसे फिरवावे? साधी सरकपट्टी बरी.

शिक्षकबंधूंनो, शाळेत संगणक असेल तर एवढे करून पाहा. गाणाऱ्या एखाद्या मुलीला बसवा, ‘तुझं गाणं भर आणि तबला थोडा मोठा कर’ इतकेच सांगा, आणि गप्प राहा. हात कुठे थांबला ते वहीत टिपा. तिला हसू नका. थांबला तिथे पडदा चुकला आहे.

आमच्या विद्यार्थ्याने अभंग पुन्हा सातांत आखला, दर समेवर फुली लिहिली. तिसऱ्या आवर्तनापासून आजोबांची लय किंचित चढली आहे, त्यामुळे सम रेघेच्या आधीच येते. रेघा एकेक करून सरकवण्याचे काम अजून चालू आहे.