विश्लेषण : पती गेला, बोटीचे घरही फुटले... तरी ७७ व्या वर्षी एकटीने जगप्रदक्षिणा! कोण आहेत जीन सॉक्रेटिस?

शिडाच्या बोटीवर राहायचे, मनाला येईल तिकडे जायचे... समाजमाध्यमांवर अशा बोटीवरच्या आयुष्याचे व्हिडीओ लाखो लोक बघतात. पण जोडीदार अर्ध्या वाटेत गेला आणि समोर वादळ उभे राहिले, तर? ब्रिटनच्या जीन सॉक्रेटिस यांच्या वाट्याला दोन्ही आले. ७ सप्टेंबर २०१९ रोजी त्या कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदरात परतल्या, तेव्हा त्यांचे वय ७७ होते. जवळपास ११ महिने कुठेही न थांबता, बाहेरची कसलीही मदत न घेता त्यांनी एकटीने पृथ्वीला फेरी मारली होती. अशी फेरी पूर्ण करणाऱ्या त्या तोवरच्या सर्वांत वयस्कर व्यक्ती ठरल्या. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या ८१ वर्षांच्या बिल हॅटफिल्ड यांनी हा विक्रम मोडला.

जीन बोटीवर राहायला कशा गेल्या?

जीन मूळच्या गणिताच्या शिक्षिका. लहानपणापासून समुद्रावर वाढलेल्या वगैरे नाहीत. शिडाची बोट चालवायला त्या शिकल्या पन्नाशीच्या आसपास. १९९७ मध्ये त्यांनी आणि पती जॉर्ज यांनी नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली आणि स्वीडिश बनावटीची बोट घेतली. नाव ठेवले ‘नेरिडा’. युरोपच्या किनाऱ्यांवरून सुरुवात करून दोघे अटलांटिक ओलांडून कॅरेबियन बेटांपर्यंत पोहोचले. पुढे जॉर्ज यांना कॅन्सरचे निदान झाले. २००३ मध्ये ते गेले. जीन तेव्हा साठीच्या होत्या.

बोटीवर घर म्हणजे काय असते?

३६ ते ३८ फुटांची बोट लांबीला साधारण एसटी बसएवढी असते, पण आतली जागा वन रूम किचनपेक्षाही कमी. झोपायची जागा, छोटा गॅस, बेसिन, शौचालय, नकाशांचे टेबल आणि खाली इंजिन. वीज सौर पॅनल आणि छोट्या पवनचक्कीवर. लांबच्या प्रवासाच्या बोटींवर खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे यंत्रही असते. यातले काहीही बिघडले तर मेकॅनिक बोलावता येत नाही.

जोडपे राहते तेव्हा ही कामे वाटली जातात. एक इंजिन बघतो, दुसरा हवामान. एक पहारा देतो, तेव्हा दुसरा झोपतो. घरातही असेच असते. बँकेचे व्यवहार एकाकडे, गॅसचा नंबर लावणे दुसऱ्याकडे. एक जण गेला की त्याच्या वाटणीची कामे पुढ्यात येऊन पडतात आणि ती शिकायची वेळ नेमकी दुःखाची असते. बोटीवर तर ही शिकवणी लांबणीवर टाकता येत नाही.

जीन यांनी बोट विकली नाही. २००६ मध्ये त्या सॅन फ्रान्सिस्को ते हवाई या एकट्याने करायच्या शर्यतीत उतरल्या. २००७ मध्ये मेक्सिकोतून टप्प्याटप्प्याने जगप्रदक्षिणेला निघाल्या.

२००८ मध्ये काय घडले?

जून २००८. फेरी पूर्ण व्हायला जेमतेम ६० सागरी मैल उरले होते. जीन आत झोपल्या असताना बोट वाट सोडून मेक्सिकोच्या किनाऱ्याकडे गेली आणि अकापुल्कोजवळच्या वाळूवर चढली. लाटांच्या माऱ्यात ती पुन्हा पाण्यात जाण्याच्या लायकीची राहिली नाही. जीन वाचल्या. पण ती फक्त बोट नव्हती. जॉर्ज यांच्यासोबत घेतलेले ते घर होते.

त्यांनी थोडी मोठी, ३८ फुटांची नवी बोट घेतली. नाव तेच ठेवले, ‘नेरिडा’.

दक्षिण महासागरातील वादळे वेगळी का?

कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारायची तर आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका यांच्या खालून जावे लागते. ४० अंश दक्षिणेच्या खाली पश्चिमेचे वारे पृथ्वीभोवती गोल फिरतात आणि त्यांना अडवायला जमीन जवळपास नाहीच. वारा जितके अंतर मोकळा वाहतो, तितकी लाट वाढते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्नपाशी हे सगळे पाणी अरुंद वाटेतून आणि उथळ तळावरून जाते. तिथे लाटा जास्त उभ्या होतात आणि फुटतात.

जानेवारी २०११ मध्ये केप हॉर्नच्या पश्चिमेला अशाच लाटेने ‘नेरिडा’ला आडवे पाडले. बूम, म्हणजे शिडाची खालची कड धरून ठेवणारा आडवा दांडा, तुटला. थांबा न घेण्याचा प्रयत्न तिथेच संपला आणि जीन यांना दुरुस्तीसाठी अर्जेंटिनातील उशुआइया बंदर गाठावे लागले.

आडवी पडलेली बोट पुन्हा उभी कशी राहते?

उत्तर बोटीच्या तळाशी आहे. तिथे कील नावाचे खाली उतरलेले पाते असते. त्यात शिसे किंवा लोखंड भरलेले असते आणि बोटीच्या एकूण वजनाचा मोठा वाटा तिथेच असतो. बोट आडवी झाली की हे वजन तिला पुन्हा खाली खेचते. लहानपणीच्या ढकलले तरी उभ्या राहणाऱ्या बाहुलीचे तत्त्व तेच. मात्र कील फक्त बोटीला सरळ करते. डोलकाठी, दोर आणि आतला माणूस शाबूत राहील याची हमी देत नाही.

मग वादळात करायचे काय?

वादळाशी झुंज, हा शब्द बातम्यांत छान दिसतो. प्रत्यक्षात बोट सावकाश करणे हेच मुख्य काम असते. पहिला उपाय शिडे कमी करण्याचा. दुसरा ‘हीव्ह टू’. यात पुढचे शीड वारा येतो त्या बाजूला उलटे ताणून आणि सुकाणू विरुद्ध परिणाम करेल असे बांधतात. दोन्ही एकमेकांना अडवतात आणि बोट जवळपास जागीच रेंगाळते.

तिसरा उपाय ‘सीरीज ड्रोग’. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ खलाशांचा बळी घेतला. त्यानंतर अमेरिकी अभियंता डोनाल्ड जॉर्डन यांनी हे साधन तयार केले. लांब दोरावर कापडाचे शंभराहून अधिक छोटे शंकू. तो बोटीच्या मागून सोडला की शंकू पाणी धरतात. बोट लाटेवरून सुसाट घसरत नाही आणि आडवीही होत नाही. जीन यांनी तो अनेकदा वापरला आहे. ड्रोग टाकला की माणसाने आत जायचे, दार लावायचे आणि वाट बघायची.

भारताशी काही दुवा आहे का?

आहे. ऑक्टोबर २०१२ ते जुलै २०१३ या २५९ दिवसांत जीन यांनी पहिली न थांबता जगप्रदक्षिणा पूर्ण केली. त्याच हंगामात भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी मुंबईहून निघून गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून तशीच फेरी मारत होते. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात टॉमी यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. त्यांची सुटका होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा ३ ऑक्टोबरला ७६ वर्षांच्या जीन पुन्हा निघाल्या. आदल्या वर्षी शिडीवरून पडून त्यांची मान आणि बरगड्या मोडल्या होत्या. या फेरीत मुख्य शीड फाटले. ते हाताने शिवत, थोडे थोडे जोडत त्या घरी आल्या.

समुद्राने दुःख हलके केले का?

त्याचा हिशेब बाहेरच्याने मांडू नये. दिसते ते एवढेच : २०१२-१३ च्या फेरीतून त्यांनी ‘मेरी क्युरी कॅन्सर केअर’साठी निधी उभा केला. ही संस्था शेवटच्या टप्प्यातील रुग्णांना घरी नर्स पुरवते. आणि एकट्या असल्या तरी हॅम रेडिओवरून त्या जगभरातल्या अनोळखी आवाजांशी बोलत राहिल्या, आपण कुठे आहोत ते सांगत राहिल्या.

अशा सफरीची स्वप्ने बघणाऱ्या जोडप्यांना जाणते खलाशी एक सल्ला देतात. निघण्यापूर्वी दोघांनीही सगळी कामे शिकून घ्या, जोडीदाराच्या वाटणीचीसुद्धा. हा सल्ला जमिनीवरच्या घरांनाही लागू पडतो.