शमीपत्र आणि शाल

२०१६ साली आदिलाबादपासून विलग झालेल्या मंचेरियल जिल्ह्यात दसरा येतो तो कृतज्ञतेचा हिशेब घेऊनच. श्रीरामपूर, मंदमरीच्या कोळसाखाणींत राबणाऱ्यांना सिंगरेनी कंपनी या सुमारास नफ्यातील वाटा देते. २०२४ साली विस्तारासाठीची रक्कम बाजूस काढून उरलेल्याचे ३३ टक्के वाटले गेले. कंत्राटी कामगारांच्या हातीही प्रथमच प्रत्येकी ५,००० रुपये पडले. रक्कम तुटपुंजी खरी, पण त्यांचे नाव यादीत आले!

विद्येच्या व्यवसायात मात्र अशी रीत क्वचितच. खंडेनवमीस पाटीपुस्तकांबरोबर आता संगणकांनाही हळदकुंकू वाहिले जाते, इतकेच. शाळांसाठी संगणकीय पाठ रचणाऱ्या येथील एका कचेरीत त्या दिवशी आम्हांस बोलावणे होते. वीस वर्षे तेथे तेलुगू व मराठी मजकुराची मुद्रिते तपासणाऱ्या गृहस्थांचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, भाषणे, सारे यथासांग पार पडले. उत्तरादाखल ते उठले आणि भविष्यनिर्वाह निधीत आपले नाव अद्याप नसल्याचे त्यांनी शांतपणे सांगितले. सभा स्तब्ध झाली. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः त्यांच्या घरी गेले. शमीच्या, म्हणजे इकडच्या जम्मीच्या, पानांबरोबर त्यांनी नावनोंदणीचा अर्जही हातावर ठेवला.