कानासमोरची गाठ : आधी फोटो, मग उपचार

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडून मिटा. बोटाखाली जे हलते तो जबड्याचा सांधा. बोलताना, जेवताना, जांभई देताना त्याला काम असतेच. या सांध्याची दुखणी पुष्कळांना होतात. बहुतेक वेळा स्नायूंवरचा ताण किंवा सांध्यातली चकती सरकणे हे कारण असते आणि साध्या उपायांनी आराम पडतो. नुसता ‘कट्’ असा आवाज येत असेल, दुखत नसेल, तर घाबरू नये.

क्वचित मात्र या सांध्यात गाठ तयार होते. गाठ म्हटले की घरातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. वास्तविक येथील बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण कोणती गाठ कशाची, हे नुसत्या हाताने चाचपून कळत नाही.

काही वर्षांपूर्वी ४६ वर्षांच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. उजव्या कानासमोर वर्षभर दुखत होते. कानात थेंब घालून झाले होते, एक दाढही काढून झाली होती. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हते, वरचे-खालचे दात नीट जुळत नव्हते. बाहेरून सूज पाहिली तर लाळेच्या ग्रंथीची वाटावी. साध्या एक्स-रेमध्ये विशेष काही दिसले नाही. त्यांना मोठ्या शहरात तज्ज्ञांकडे पाठविले. सीटी स्कॅनमध्ये सांध्याभोवती कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसले. एमआरआयमध्ये सांधा पाण्याने फुगलेला आणि आत कणच कण. शस्त्रक्रियेत साबुदाण्यासारखे पांढरे कण निघाले. सांध्याच्या अस्तरानेच ते कूर्चेचे कण तयार केले होते. या विकाराला सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिस म्हणतात. तो कॅन्सर नव्हे.

कोणत्या तपासणीत काय दिसते?

ओपीजी : संपूर्ण जबड्याचा एक्स-रे. दाढांचा दोष आहे की सांध्याच्या हाडाचा, याचा प्राथमिक अंदाज येतो. पण ज्या कणांत कॅल्शियम साठलेले नाही, ते यात दिसत नाहीत. म्हणून ओपीजी चांगला आला तरी त्रास चालूच असेल तर तेथे थांबू नये.

सीटी स्कॅन : हाड आणि कॅल्शियम उत्तम दाखवतो. जबड्याच्या हाडालाच फुटवा आल्यासारखी वाढ झाली असेल (ऑस्टिओकॉन्ड्रोमा) तर ती हाडाशी सलग दिसते. अशा रुग्णाची हनुवटी हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकते. उतारवयात काहींच्या सांध्यात क्षारांचे स्फटिक साठून खडूसारखा गोळा होतो, तोही येथे दिसतो. सांधा आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा पातळ पडदा असतो. तो झिजला आहे का, हे शस्त्रक्रियेपूर्वी समजणे फार महत्त्वाचे.

एमआरआय : मऊ भाग आणि पाणी यांसाठी. साधी पाण्याची पिशवी चटकन ओळखू येते. एका विकारात सांध्याचे अस्तर वाढून त्यात वारंवार रक्तस्राव होतो व रक्तातले लोह साठते. हा भाग एमआरआयमध्ये काळा दिसतो. या तपासणीत क्ष-किरण नसतात. मात्र शरीरात पेसमेकर किंवा धातूची वस्तू असल्यास आधीच सांगावे.

फोटोवरून दिशा कळते. शंका उरल्यास गाठीचा तुकडा तपासूनच निदान पक्के होते.

केव्हा दाखवावे?

कानासमोर एकाच बाजूला सूज, काही आठवड्यांत न थांबणारे दुखणे, दात पूर्वीसारखे न जुळणे, हनुवटी वाकडी होणे, तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही असल्यास दंतवैद्य किंवा जबड्याच्या शल्यचिकित्सकांना दाखवावे. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांचेही तोंड उघडेनासे होते. त्यात गालाची आतली त्वचा ताठ व पांढुरकी होते. तो आजार वेगळा, पण तोही ताबडतोब दाखवावा.

गाठ चोळणे, शेकणे, डाग देणे टाळावे. कारण कळल्याशिवाय दाढ काढून घेऊ नये. आणि जुने एक्स-रे फेकू नका. गाठ किती वाढली, हे त्यांवरूनच कळते.