हृतिकचा क्लब कुठे गेला?

नगरच्या वाडिया पार्कवर फुटबॉलचा विषय निघाला की कुणीतरी रेक्सहॅमचं नाव काढतंच. रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएलहेनी या नटांनी 2021 मध्ये वेल्सचा हा पाचव्या श्रेणीतला क्लब घेतला. 2025 मध्ये सलग तिसरी बढती मिळवून तो थेट दुसऱ्या श्रेणीत!

पण असा नटाचा क्लब नगरकरांच्या शेजारी, पुण्यात बालेवाडीलाही होता.

एफसी पुणे सिटी. 2014 मध्ये वाधवान समूहासोबत हृतिक रोशन सहमालक झाला. पहिल्याच हंगामात फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे खेळला. 2017-18 ला संघ उपांत्य फेरीत गेला आणि 2019 मध्ये क्लबच मिटला. पगार, प्रवास, मैदान यांचा खर्च नुसत्या तिकिटांवर भागत नाही. त्यात वाधवान समूहच आर्थिक अडचणीत आला. नटाचा चेहरा पोस्टरला पुरतो, ताळेबंदाला नाही.

मुंबई सिटी क्लबात रणबीर कपूर सहमालक आहे, पण 2019 मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या समूहाने तिथे 65 टक्के हिस्सा घेतला होता. 2020-21 ला साखळीत अव्वल राहिल्याची शिल्ड आणि विजेतेपदाचा करंडक दोन्ही मुंबईकडे.

रेक्सहॅमलाही क्लबवरच्या माहितीपट मालिकेने जगभरचे प्रायोजक मिळवून दिले. मालिका थांबली तर? तुम्हाला काय वाटतं, सांगा. पुण्याच्या जुन्या क्लबांबद्दलही विचारा.