हमीचे ते दशक

ग्रामीण रोजगार हमीचा २००५ सालचा केंद्रीय कायदा २०२५च्या डिसेंबरात संसदेने मोडीत काढला आणि त्याच्या जागी नवा आणला, तेव्हा शंभर दिवसांचे १२५ दिवस झाल्याचे वृत्त ठळक अक्षरांत छापले गेले. परंतु खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांच्या माथी पडणार, प्रत्येक राज्याच्या वाट्याची रक्कम केंद्र आगाऊ ठरविणार आणि पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात ६० दिवस कामे बंद राहणार, या तरतुदींकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मागेल त्याला काम हा ज्या हमीचा प्राण, तिच्यापुढे आधीच आखलेली रक्कम उभी केली, की ती नावापुरतीच उरते. या वृत्ताने मला झालेला क्लेश जुना आहे, कारण ही हमी प्रथम महाराष्ट्रात जन्मास आली आणि तीही सरकारी कोठारे रिकामी असताना.

त्याआधीचा इतिहास मी थोडक्यात आटोपतो. १८७७ साली ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी मजुराचे धान्य रोजी एक पौंडावर आणले, तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून चालते झाले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारदरबारी मांडली. पुढे दुष्काळ-संहिता झाली, तगाई वाटली गेली, स्वातंत्र्य आले, पंचवार्षिक योजनांचे जाडजूड अहवाल निघाले. काम मिळणे मात्र आणेवारीवर आणि कलेक्टराच्या मर्जीवर अवलंबून राहिले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आपल्या तासगाव तालुक्यात साठच्या दशकाच्या अखेरीस काम देण्याचा जो प्रयोग आरंभिला, तेवढा एक सोडला, तर त्या काळात मला रमावेसे वाटत नाही.

१९७२ साली सलग तिसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला आणि मी एका दुष्काळी तालुक्यात रस्त्याच्या कामावर हंगामी हजेरी कारकून म्हणून रुजू झालो. मैल-दीड मैल पसरलेल्या खडीच्या ढिगांमागे बायका पायांना चिंध्या गुंडाळून हातोडी चालवीत, बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळ्यांत पोरे निजत, दुपारी अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोची तडकलेली भाकरी निघे आणि मुलांच्या हातावर सुकडीची चिमूट पडे. ज्यांच्या विहिरी आटल्या होत्या असे वीस-वीस एकरांचे धनी, ज्यांनी आयुष्यात दुसऱ्याच्या बांधावर खुरपे धरले नव्हते, तेही त्याच ढिगांपाशी आपल्याच जुन्या सालगड्यांच्या शेजारी बसून दगड फोडीत. पाण्याचे माठ पहिल्या दिवशी निरनिराळे होते आणि शेवटपर्यंत निरनिराळेच राहिले, हेही सांगितले पाहिजे. पण हजेरीपटावरचे अंगठे एकाखाली एक उमटत गेले आणि पगार तुंबला की तो सर्वांचाच तुंबे.

एकदा तीन आठवडे पगार आला नाही. चौथ्या आठवड्यात मापे घेण्यास ओव्हरसियर आले, तेव्हा बायका खडीच्या ढिगांवर चढून बसल्या आणि टेप लावू देईनात. साहेबांनी प्रथम दटावले, मग समजाविले, शेवटी सरकार माणुसकीच्या नात्याने काम देत आहे याची आठवण करून दिली, तेव्हा पुढच्या ढिगावरची एक वृद्धा म्हणाली, "दया नगं सायेब, वहीत लिवलंय तेवढं द्या." दुसऱ्या दिवशी सायंकाळी जीपमधून रोकड आली. १९७३च्या मे महिन्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती; इतकी माणसे एका वेळी एकाच मालकाकडे, म्हणजे सरकारकडे, रोजंदारी मागत उभी राहिल्यावर राज्यकर्त्यांना जे कळले, ते अर्थशास्त्रज्ञांच्या शिफारशींनी कळले नसते. दांडेकर आणि रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपल्या ग्रंथात सार्वजनिक कामांतून रोजगाराची हमी देण्याचा विचार १९७१ सालीच मांडला होता. त्याला जोर चढला तो या खडीच्या ढिगांवर.

त्याच वर्षांत मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्या मागे हजारो गृहिणी लाटणी उगारून, थाळ्या बडवीत मंत्र्यांच्या दारी जात होत्या. तेलाच्या जागतिक भाववाढीनंतर १९७४ साली महागाईचा दर २० टक्क्यांच्या वर गेला. रॉकेल नाही, साखर नाही, वनस्पती तूप नाही, अशी स्थिती. समाजवादी आणि कम्युनिस्ट, ज्यांचे पुरुष नेते एका व्यासपीठावर बसण्यास राजी नसत, त्यांच्या बाया एका मोर्चात चालत होत्या, आणि ही एकजूट आमच्या हातून निसटली याचे दुःख मला आजही होते. या मोर्चांना स्वयंपाकघरातील बंड म्हणून हिणविणारे पुण्या-मुंबईचे संपादक मी विसरलेलो नाही. रोजगार हमी म्हणजे खड्डे खणणे आणि खड्डे बुजविणे, असे लिहिणारेही बहुधा तेच. आणि १९७५ साली, कायद्याआधी योजना म्हणून चालू असलेल्या हमीच्या खर्चासाठी व्यवसाय कर बसला, तेव्हा आपल्या पगारातून चार रुपये खेड्यातील बाईकडे जातात म्हणून कुरकुरणारा सुशिक्षित नोकरदारही त्यांच्याच पंगतीत बसला. सगळे संपले असे वाटण्याजोगे प्रसंग त्या दशकात कमी नव्हते: मे १९७४चा रेल्वेसंप वीस दिवसांत चिरडला गेला आणि पुढल्याच वर्षी आणीबाणी आली.

आणि तरीही १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला व २६ जानेवारी १९७९ रोजी तो अंमलात आला. पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता देणे त्याने सरकारवर बंधनकारक केले. तो भत्ता दिवसाला अवघा एक रुपया असला, तरी वहीतले आता कायद्यात आले होते. वसंतराव नाईकांपासून शरद पवारांपर्यंत चार मुख्यमंत्री झाले, पक्ष फुटले, सरकारे गडगडली, पण ही मागणी टिकली, कारण ती कोणा एका पक्षाच्या मेहरबानीवर उभी नव्हती. खोटे हजेरीपट, अर्धवट पाझर तलाव, मुकादमांची दस्तुरी हे दोष मी डोळ्यांनी पाहिले आहेत. १९८८ साली मजुरीचे दर वाढले तेव्हा कामेच कशी कमी करण्यात आली, हेही त्या हमीच्या इतिहासात नमूद व्हावयास हवे.

परंतु १९८२चा गिरणीसंप मोडल्यावर सांगलीच्या खानापूर तालुक्यात परतलेल्या कामगारांनी काय केले, तेही नमूद व्हावे. गावी पुन्हा दुष्काळ; हमीच्या कामावर पुन्हा खडी. मुक्ती संघर्ष चळवळीच्या झेंड्याखाली जमून त्यांनी विचारले, की दुष्काळ कायमचा हटेल असे काम का नाही? येरळा नदीची वाळू विकून त्यांनी बळीराजा धरण उभारले आणि त्याच्या पाण्यावर भूमिहीनांचाही हक्क सांगितला. हरलेल्या संपातून आलेल्या माणसांनी हे केले. मंदी आणि बेरोजगारीच्या आजच्या दिवसांत पुरोगामी राजकारणाचे काही होणार नाही, असे हताशपणे सांगणाऱ्या माझ्या तरुण स्नेह्यांना मी हे सारे वारंवार ऐकवितो आणि ऐकवीत राहीन.

केंद्राने हात आखडता घेतला, म्हणून राज्याने स्वतःच्या तिजोरीतून पूर्ण हमी देऊ नये असे कोठे लिहिलेले नाही. व्यवसाय कर आजही वसूल होतो, आणि १९७९चा महाराष्ट्र आजच्याहून कितीतरी गरीब होता. ज्या सभागृहाच्या सभापतिपदी पागे होते, तेथे येत्या अधिवेशनात हा प्रश्न कोणता सदस्य उभा राहून विचारतो आणि अर्थमंत्री त्याला काय उत्तर देतात, ते मला ऐकावयाचे आहे.