संत्र्याचा सौदा करण्यापूर्वी जमीन आणि पाणी पाहा

नागपुरी संत्र्याच्या धंद्यात उभा बहार विकत घेण्याची रीत जुनी आहे. झाडावरची फळे पाहून व्यापारी सौदा ठरवतो, इसार देतो. पुढे फळ गळाले तर तोटा बहुधा त्याच्याच अंगावर येतो. म्हणून व्यापारी बांधवांना आमचे सांगणे आहे की, फळे मोजण्याआधी बागेची जमीन आणि विहीर पाहावी.

काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात काळी जमीन पुष्कळ आहे. ती ओल धरून ठेवते, हा तिचा गुण. परंतु पावसाळ्यात तीच चिबड होते आणि मुळे कुजतात. बुंध्याशी पाणी साचले की डिंक्या रोग लागतो. बुंध्यातून डिंक वाहताना दिसला तर सौदा जपून करावा. दोन ओळींमध्ये चर काढलेले आहेत काय, आणि बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे केले आहे काय, हेही पाहावे.

दुसरी गोष्ट ताणाची. आंबिया बहारासाठी डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडतात आणि जानेवारीच्या मध्यास पुन्हा सुरू करतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी जमिनीत जास्त दिवस लागतात. मध्येच अवकाळी पाऊस आला तर ताण मोडतो व फूल कमी-जास्त येते.

आंबियाचे फळ पूर्ण उन्हाळा विहिरीच्या पाण्यावर काढते. तेव्हा मे महिन्यात विहीर किती तास चालते, हे शेतकऱ्याला जरूर विचारावे. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी पडले की फळगळ ठरलेलीच. ज्याच्याकडे उन्हाळ्यात पाणी नाही, त्याला मृग बहार सोयीचा. त्याचे फूल पावसासोबत येते आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. मात्र पाऊस लांबला की तोही फसतो.

सांगली, सोलापूरकडील द्राक्ष बागायतदार कमी पावसात टिकले, ते पाणी मोजून दिल्यामुळे. त्यांनी ठिबक बसवले आणि डॉगरिज या जंगली वेलीच्या खुंटावर कलमे बांधली. हा खुंट पाण्याचा ताण आणि खारवट पाणी सोसतो. संत्र्यातही जंबेरीपेक्षा रंगपूर लिंबाचा खुंट डिंक्याला अधिक दाद देत नाही. झाडे कोणत्या खुंटावर आहेत, हा प्रश्न व्यापाऱ्याने विचारायला काहीच हरकत नाही.

केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था (पूर्वीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र) १९८५ पासून आपल्या नागपुरातच आहे. तेथील सल्ला घेण्यात शेतकऱ्याइतकेच व्यापाऱ्याचेही हित आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण केवळ नावावर फळ झाडाला टिकत नाही. ज्या बागेत ठिबक, चर आणि आळे नीट आहे, तिला दोन पैसे जास्त द्यावेत. ते वाया जाणार नाहीत.