संघम रेडिओ : कायद्याच्या दहा वर्षं पुढे

सोलापूरहून हैदराबादकडे जाताना उमरगा, हुमनाबाद मागे पडलं की जहीराबाद लागतं. तांबडी, उथळ माती आणि पावसाच्या भरवशावरची शेती. या गावाजवळच्या माचनूर नावाच्या खेड्यात १५ ऑक्टोबर २००८ रोजी ९०.४ मेगाहर्ट्झवर ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. स्वयंसेवी संस्थेला परवाना मिळून सुरू झालेलं हे भारतातलं पहिलं सामुदायिक रेडिओ केंद्र. ते उभं राहिलं दलित शेतकरी बायांच्या बळावर.

या बायांची संघटना त्याहून जुनी. १९८३ मध्ये डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचं काम या भागात सुरू झालं. दूरदर्शनमध्ये निर्माते राहिलेले पी. व्ही. सतीश हे तिच्या संस्थापकांपैकी एक. गावोगावी दलित बायांचे संघ झाले. त्यांनी पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या. ज्वारी, बाजरी, राळा, तूर आणि इतर कडधान्यं एकाच शेतात मिसळून पेरली आणि बियाणं विकत न घेता घरीच राखलं. कोणतं बी कोणत्या मातीत तग धरतं, साठवताना ते किडीपासून कसं जपायचं, हे ज्ञान त्यांच्या तोंडी होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही जे सांगता येईल आणि हातातलं काम न सोडता ऐकता येईल, असं माध्यम त्यांना हवं होतं. रेडिओइतकं सोयीचं दुसरं काय होतं?

युनेस्कोच्या मदतीने १९९८च्या सुमारास माचनूरला ध्वनिमुद्रणाची सोय झाली. दलित कुटुंबांतल्या दोघींनी, ‘जनरल’ नरसम्मा आणि अल्गोले नरसम्मा यांनी, रेकॉर्डिंगपासून संपादनापर्यंतचं सगळं काम हातात घेतलं. कार्यक्रम तयार होऊ लागले, पण ते हवेत सोडायला परवानगी नव्हती. मग कॅसेटी भरायच्या, त्या संघांच्या बैठकीत न्यायच्या आणि सगळ्यांनी मिळून ऐकायच्या, असं दहा वर्षं चाललं. परवान्याची वाट पाहत या बाया गप्प बसल्या नाहीत, म्हणूनच परवाना आला तेव्हा त्यांना काही नव्याने शिकावं लागलं नाही.

अडचण १८८५च्या तार कायद्याची होती. त्याच्या आधारे प्रसारण सरकारच्या ताब्यात राहिलं होतं. त्याला धक्का बसला तो क्रिकेटमुळे. १९९३च्या हीरो कपच्या थेट प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद पेटला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला : हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. हा निकाल देणाऱ्या पीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निवृत्तीनंतर पुण्यात राहून लोकशाही हक्कांसाठी बोलत राहिलेले हे न्यायमूर्ती मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचे.

निकाल लागला तरी खेड्यांपर्यंत त्याचा लाभ लवकर पोचला नाही. शहरांत व्यापारी एफएम वाहिन्या आल्या. २००२च्या धोरणाने सामुदायिक रेडिओचं दार फक्त शिक्षणसंस्थांसाठी उघडलं. बिहारमधल्या मन्सूरपूर गावात एका तरुणाने स्वतः जुळवलेल्या यंत्रावर चालवलेला ‘राघव एफएम’ परवान्याअभावी २००६ मध्ये बंद पाडण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवं धोरण आलं आणि स्वयंसेवी संस्थांना अर्ज करता येऊ लागला. पुढे दोन वर्षांनी माचनूरचं प्रसारण सुरू झालं, त्याचं उद्घाटन न्यायमूर्ती सावंतांच्याच हस्ते झालं.

सामुदायिक केंद्राचा ट्रान्समीटर छोटा असतो. शंभर वॅटची प्रभावी शक्ती, तीस मीटरपर्यंतचा मनोरा आणि मोजक्याच किलोमीटरचा पल्ला. एवढा टापू या बायांना पुरेसा होता, कारण त्यातली माणसं, पिकं आणि बोली त्यांची ओळखीची होती. पुस्तकी तेलुगूऐवजी तिथल्या बोलीत कार्यक्रम झाले. पेरणी, गावठी औषधं, बाळंतिणीचा आहार, सणांची आणि शेतातली गाणी असे त्यांचे विषय. शेतातली बाई इथे तज्ज्ञ म्हणून बोलली. शहरातला माणूस खेड्याला शिकवतो, ही रेडिओची जुनी रीत त्यांनी मोडली, हे मला या केंद्राचं सर्वांत मोठं काम वाटतं.

महाराष्ट्रातही २००८ मध्येच सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. तोही दुष्काळी मुलूख आणि तिथेही पुढाकार बायांच्या संस्थेचाच. अशा सगळ्याच केंद्रांवर एक बंधन मात्र कायम राहिलं आहे. आकाशवाणीच्या बातम्या पुन्हा ऐकवता येतात, स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. गावच्या ग्रामसभेत काय झालं, रोजगार हमीची मजुरी का थकली, हे गावच्या रेडिओला बातमी म्हणून सांगता येत नाही. लहरी लोकांच्या आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. त्यावर विश्वास असेल, तर ही बंदी उठवायला हवी. आणि आपल्या टापूत असं एखादं केंद्र असेल, तर वाचकांनी ते लावून ऐकावं, जमेल तर तिथे जाऊन बोलावं. ती केंद्रं त्यासाठीच आहेत.